फेसाची साक्ष

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचे दोन प्रकार होते : सुफेन आणि दुष्फेन. साबणाला चांगला फेस देतं ते सुफेन, देत नाही ते दुष्फेन. पुढे इंग्रजीतून शिकताना हेच पाणी ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ झालं, पण मला आजही मराठी शब्द जास्त नेमके वाटतात. ‘हार्ड’ म्हटल्यावर पाण्यात कठीण ते काय, हे कळत नाही. ‘दुष्फेन’ म्हटल्यावर मोरीतली बादलीच डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या कुणी हे शब्द घडवले, त्यांना धुणं चांगलं ठाऊक असावं.

हे शब्द आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत अधूनमधून रंगणारा एक वाद. पुढून दार असलेल्या, कमी पाण्यात धुणाऱ्या मशीनमध्ये डिटर्जंट घालायचं तरी किती? मशीनबरोबर आलेली पुस्तिका सांगते, थोडं. दुरुस्तीला येणारा कारागीर सांगतो, त्याहूनही थोडं. आणि दाराच्या काचेतून आत बघणारं माणूस म्हणतं, “फेस कुठे दिसतोय? घाला अजून एक झाकण.” या तिसऱ्या माणसाला अडाणी ठरवणं सोपं आहे. पण धुण्याचा इतिहास वाचत गेले, तसतसं मला वाटू लागलं की ते अडाणी अजिबात नाही. एके काळी अगदी बरोबर असलेल्या शास्त्राला धरून ते चाललंय. ते शास्त्र बदललं कधी, आणि बदलल्याचं त्याला कुणी सांगितलं का, हे शोधण्यासारखं आहे.

फेस हेच माप होतं तेव्हा

तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर शिजवली की साबण होतो. या साबणाचं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी पटत नाही. दोघं एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा राखाडी थर तो हाच. विहिरीच्या दुष्फेन पाण्यात वडी घासली, की आधी पाण्यातले क्षारच साबण खाऊन टाकतात. त्यांचं पोट भरेपर्यंत फेस धरत नाही. फेस टिकू लागला याचा अर्थ क्षार संपले, आणि आता पडेल तो साबण मळाच्या कामी येईल.

म्हणजे साबणाच्या काळात फेस हे मोजमाप होतं, आणि चांगलं विश्वासार्ह मोजमाप होतं. अ‍ॅबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४०च्या दशकात पाण्याचा कठीणपणा मोजायची जी रीत रूढ केली, ती याच तत्त्वावर उभी होती. मोजून घेतलेलं पाणी बाटलीत भरायचं, त्यात ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण थोडंथोडं घालत बाटली हलवायची, आणि फेस पाच मिनिटं टिकला की थांबायचं. जितकं द्रावण लागलं तितकं पाणी कठीण. या मापाला ‘क्लार्क डिग्री’ असं नाव पडलं. लंडनला कोणतं पाणी पुरवावं यावर १८५०च्या सुमारास जो वाद झाला, त्यात मऊ पाण्यानं शहराचा किती साबण वाचेल हा मुद्दा गंभीरपणे मांडला गेला होता.

प्राध्यापक क्लार्क प्रयोगशाळेत जे करत होते, तेच नदीवर किंवा मोरीत धुणाऱ्या बायका रोज करत होत्या. वडी घासायची, फेस धरतोय का बघायचं, नाही धरला तर अजून घासायची. पुणेकरीण मराठवाड्यात सासरी गेली तर तिच्या हाताला दोन दिवसांत कळायचं की इथे साबण जास्त लागतो. हे ज्ञान कुठल्या पाकिटावर छापलेलं नव्हतं. ते हातात होतं आणि ते शास्त्रशुद्ध होतं.

अर्थात, फेसाशिवायही धुणं होत होतंच. परटाची खारी माती, सोडा, भट्टीची वाफ, दगड आणि ऊन या सगळ्यात फेसाचं काम फारसं नव्हतं. उलट रेशमी साड्यांसाठी घरोघरी वापरला जाणारा रिठा भरपूर फेस देतो, दुष्फेन पाण्यातही देतो, कारण त्यातलं सॅपोनिन म्हणजे साबण नव्हे. पण रिठ्यानं कुणी शेतातल्या मातीनं माखलेलं धोतर धुवायला घेत नसे. म्हणजे फेस आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, याची जाण धुणाऱ्यांना होती. मग साबण स्वस्त होत गेला. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, १९३४ मध्ये त्यांचा साबण मुंबईत शिवडीला तयार होऊ लागला, टाटांच्या ‘५०१’ बारनं घरोघरी जागा मिळवली. साबण जसा पसरला, तसा फेसावरचा विश्वासही पसरला.

फारकत

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला आणि चरबीशिवाय धुता येईल असं काही शोधणं भाग झालं. त्या खटपटीतून पुढे १९३२ मध्ये जर्मनीत ‘फेवा’ आणि १९३३ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलचं ‘ड्रेफ्ट’ बाजारात आलं. नाजूक कपड्यांना ती बरी होती. मळखाऊ कपड्यांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. ती अडचण १९४६ मध्ये ‘टाइड’नं सोडवली. त्यात धुणाऱ्या रसायनाच्या जोडीला फॉस्फेट होतं. फॉस्फेट पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच पकडून ठेवायचं, त्यामुळे धुणाऱ्या रसायनाला आपलं काम करायला रान मोकळं मिळायचं. काही वर्षांतच अमेरिकेतल्या धुण्याच्या साबणाची सद्दी संपली.

माझ्या दृष्टीनं या कहाणीतला मोठा बदल वेगळाच आहे. नव्या रसायनाचा दुष्फेन पाण्यात साका होत नव्हता. फेस पहिल्या चिमटीलाच येऊ लागला, मग क्षार संपलेले असोत वा नसोत, कपडा निघालेला असो वा नसो. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला. मळाभोवती हे रेणू गोळा होतात आणि त्याला कपड्यापासून सोडवतात. धुणं होतं ते तिथे. फेस म्हणजे त्याच रेणूंनी पाणी आणि हवेच्या सीमेवर मांडलेला संसार. काही डिटर्जंटं जवळजवळ फेस न देता उत्तम धुतात, काही भरपूर फेस देऊन यथातथाच धुतात. क्लार्कच्या बाटलीचा नियम इथे संपला.

तो संपल्याचं गिऱ्हाईकाला मात्र कुणी सांगितलं नाही. सांगावं असं कुणाच्या फायद्याचंही नव्हतं. शंभर वर्षं लोकांचा विश्वास असलेली खूण आपल्या पावडरीत आपसूक मिळतेय, तर कोणता कारखानदार ती खोटी म्हणून जाहीर करेल?

आपल्याकडे हा बदल १९५९ मध्ये ‘सर्फ’च्या रूपानं आला, आणि बादलीत कपडे भिजवून धुण्याची रीत त्याच्याबरोबर शहरांत रुळली. १९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी घरी बनवलेली पिवळी पावडर सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि सर्फच्या जवळपास चौथाई किमतीची ‘निरमा’ देशभर पोचली. ज्या घरांना सर्फ परवडत नव्हतं, तिथेही बादलीभर फेस आला. ऐंशीच्या दशकात त्याला उत्तर म्हणून दूरदर्शनवर ललिताजी अवतरल्या. त्यांचा ठसका सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण युक्तिवाद काय होता ते आठवून पाहा : अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचं आहे. म्हणजे भाव नको, मात्रा बघा. डिटर्जंटच्या मात्रेवरचं हे देशातलं बहुधा सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं व्याख्यान असेल. फक्त ती मात्रा ओळखायची कशी, हे त्या जाहिरातीत नव्हतं. बादलीजवळ बसलेल्या बाईकडे ओळखायचं साधन एकच होतं, फेस.

नदीवर आलेला फेस

खोट्या खुणेची किंमत पहिल्यांदा नद्यांनी चुकवली. टाइडच्या पिढीतल्या डिटर्जंटमधल्या रेणूंच्या साखळ्यांना फांद्या होत्या, आणि सांडपाण्यातल्या जिवाणूंना त्या फांद्या पचत नव्हत्या. मोरीतून गेलेलं रसायन तसंच्या तसं नदीत पोचायचं आणि बंधाऱ्यावरून पाणी पडलं की पुन्हा फेस धरायचं. पन्नाशीच्या दशकात इंग्लंड-जर्मनीतल्या नद्यांवर आणि सांडपाणी प्रकल्पांवर फेसाचे डोंगर उभे राहू लागले. ब्रिटिश सरकारनं १९५३ मध्ये सर हॅरी जेफकॉट यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली. अमेरिकेत लाँग आयलंडच्या काही भागांत विहिरींचं पाणी ग्लासात ओतलं तरी फेसाळायचं, कारण शेजारच्याच शोषखड्ड्यांतलं पाणी जमिनीतून झिरपून विहिरीत उतरत होतं.

पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून डिटर्जंटमधला किमान ८० टक्के धुणारा भाग जैविक रीतीनं विघटन होणारा असावा, असं बंधन घातलं. १९६५ पर्यंत अमेरिकी उद्योगही फांद्या नसलेल्या सरळ साखळीच्या रसायनाकडे वळला. सरळ साखळी जिवाणूंना पचते. पण त्यासाठी सांडपाण्यावर प्रक्रिया व्हावी लागते, त्यात प्राणवायू खेळावा लागतो. जिथे सांडपाणी तसंच नदीत जातं तिथे सरळ साखळीही फेस धरते. दिल्लीत कालिंदी कुंजजवळ यमुनेवर, बंगळूरच्या बेलंदूर तलावावर किंवा अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर दिसणारा पांढरा फेस एकट्या डिटर्जंटचा नसतो. कारखान्यांचं आणि घरांचं सगळंच न शुद्ध केलेलं पाणी त्यात असतं. तरी वारकऱ्यानं ज्या पाण्यात तीर्थस्नानाला उतरायचं, त्या पाण्यावरच्या फेसात आपल्या मोरीतल्या जास्तीच्या झाकणाचाही वाटा असतो, हे नाकारता येत नाही.

काचेचं दार

नद्यांची ही गोष्ट चालू असताना धुण्याचं यंत्रही बदलत होतं. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘बेंडिक्स’नं पुढून दार असलेलं घरगुती स्वयंचलित मशीन आणलं. १९५१ मध्ये जर्मनीत ‘कन्स्ट्रक्टा’ आलं. दोन्ही इतकी हादरायची की जमिनीला बोल्टनं जखडावी लागत.

या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडून राहत नाहीत. आडव्या ड्रममधल्या पट्ट्या त्यांना वर उचलतात आणि वरून खालच्या थोड्याशा पाण्यात आपटतात. धोब्यानं दगडावर कपडा आपटावा, तसंच. ‘हेन्केल’ कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं गणित एका वर्तुळात मांडलं. रसायन, आपटणं-घासणं, उष्णता आणि वेळ हे त्याचे चार वाटेकरी. एकाचा वाटा कमी केला की उरलेल्यांना तो भरून काढावा लागतो. ड्रमच्या मशीनमध्ये आपटण्याचा वाटा मोठा. आणि फेस नेमका तोच वाटा खातो, कारण फेसाच्या गादीवर पडलेला कपडा आपटला जात नाही.

पुढचे त्रास याच्याच पोटातून निघतात. ड्रम आणि त्याच्या बाहेरची टाकी यांच्या मधल्या फटीत फेस भरला, की पिळण्याच्या वेळी ड्रमला वेग घेता येत नाही. आजची मशीनं फेस ओळखून थांबतात, तो बसायची वाट पाहतात किंवा आणखी एकदा पाणी घेऊन खळबळून काढतात. म्हणजे पाणी वाचवायला घेतलेलं मशीन जास्तीच्या डिटर्जंटपायी पाणी उधळतं. एवढं करूनही जे निघत नाही, ते कपड्यात राहतं. टॉवेल कडक होतात, पांढऱ्यावर करडी झाक येते. दाराच्या रबरी वळीत आणि टाकीच्या मागे चिकट थर साचतो, त्यावर जिवाणू वाढतात, आणि ‘मशीनला वास येतो’ ही तक्रार सुरू होते. वासावर उपाय म्हणून घरोघरी काय केलं जातं, तर डिटर्जंट वाढवलं जातं.

हे उत्पादकांना सुरुवातीपासून माहीत होतं. अमेरिकेत ‘मोन्सँटो’नं ‘ऑल’ नावाची कमी फेसाची पावडर काढली, ती अशाच मशीनसाठी. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं १९५४ मध्ये ‘डॅश’ आणली. जर्मनीत १९५७ मध्ये हेन्केलची ‘डिक्सान’ आली; तिच्यात फेस मुद्दाम दाबलेला होता. युरोपात ड्रमचं मशीनच घरोघरी पोचलं, त्यामुळे तिथल्या दोन पिढ्या फेसाशिवाय धुणं बघत वाढल्या. अमेरिकेत मात्र वरून कपडे टाकायचं, मधल्या खांबानं घुसळणारं स्वस्त मशीन जिंकलं. एका धुण्याला सुमारे १५० लीटर पाणी लागायचं, आणि इतक्या पाण्यात जास्तीचं डिटर्जंटही खपून जायचं. कमी फेसाच्या पावडरी कोपऱ्यात गेल्या.

त्या पुन्हा पुढे आल्या त्या पाण्यामुळे आणि विजेमुळे. १९९७ मध्ये ‘मेटॅग’ कंपनीचं पुढून दार असलेलं ‘नेपच्यून’ आलं. त्याच वर्षी अमेरिकी ऊर्जा खात्यानं कॅन्ससमधल्या बर्न नावाच्या, दोनेकशे वस्तीच्या पाणीटंचाईच्या गावात एक प्रयोग केला. घरोघरची जुनी मशीनं आधी मोजली, मग ती बदलून ही नवी दिली आणि पुन्हा मोजलं. धुण्याचं पाणी सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झालं आणि ऊर्जा निम्म्याहून अधिक वाचली. २००१ मध्ये ठरलेले नवे नियम २००४ आणि २००७ असे दोन टप्प्यांनी लागू झाले, आणि ‘हाय एफिशियन्सी’ मशीनसाठीच्या डिटर्जंटवर ‘एच-ई’ अशी दोन छोटी अक्षरं दिसू लागली. त्या अक्षरांचा मुख्य अर्थ इतकाच : याला फेस कमी येईल, घाबरू नका.

झाकणाचा प्रश्न

दरम्यान डिटर्जंटच अधिकाधिक घट्ट होत गेलं. १९८७ मध्ये जपानच्या ‘काओ’नं ‘अटॅक’ नावाची पावडर आणली. तिचं आकारमान जुन्या पावडरीच्या चौथाईच्या आसपास होतं, आणि तिची ओळखच ‘एक चमचा पुरे’ अशी होती. मग जगभर पावडरी आणि द्रव डिटर्जंटं आटत गेली. आटली नाही ती हाताची सवय. ओंजळभर पावडर टाकणाऱ्याला चमचाभर पावडर म्हणजे चेष्टा वाटते. झाकणंही मदत करत नाहीत. झाकणाच्या आत पुसट रेघा असतात, सर्वांत वरची रेघ पूर्ण भरलेल्या मशीनला आणि फार मळलेल्या कपड्यांना असते, पण झाकण दिसलं की ते भरावंसं वाटतं. २०१२ मध्ये ‘टाइड पॉड्स’ आले. माप माणसाच्या हातातून काढून घ्यायचं, हा त्यातला एक विचार.

आपल्याकडे मोठा वर्ग आजही बादलीत धुतो, आणि बादलीच्या पावडरीला फेस लागतोच. दगडावर घासताना तो हाताला सांगत राहतो की इथे साबण पोचला, इथे नाही. म्हणून दुकानात दोन कुळं शेजारीशेजारी असतात : बादलीची फेसाळ पावडर आणि ‘मॅटिक’ नावाची कमी फेसाची. दुसरी महाग असते. पहिली मशीनमध्ये घातली जाते ती अज्ञानानं नव्हे, हिशेबानं. या शतकाच्या सुरुवातीला ‘सर्फ एक्सेल क्विक वॉश’नं कमी फेस हाच गुण म्हणून विकून पाहिला, तेव्हा जाहिरात फेसाबद्दल बोललीच नाही, रोजच्या दोन बादल्या पाणी वाचेल असं बोलली. टंचाईच्या देशात ते बरोबरच होतं. पण ‘फेस म्हणजे स्वच्छता नव्हे’ हे सरळ वाक्य तेव्हाही कुणी उच्चारलं नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बरोबर पडलंय ते वळखायचं कशावरनं?” इतक्या वाचनानंतर मला भेटलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. त्यांच्याकडचं एक माप आपण काढून घेतो आणि बदल्यात बारीक इंग्रजी अक्षरांतलं कोष्टक देतो, हे काही न्यायाचं नाही.

उत्तर देता येतं. तीन गोष्टी बघायच्या : पाणी, भार आणि मळ. भातसा-तानसा-वैतरणेच्या धरणांचं मुंबईचं पाणी मऊ, त्याला कमी लागतं. बोअरचं किंवा टँकरचं दुष्फेन पाणी जास्त मागतं. मॅटिक द्रव असेल तर मऊ पाण्यात रोजच्या कपड्यांच्या एका भाराला साधारण दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलीलीटरच्या आसपास, बहुतेकदा पुरतात. चिखल-तेल असेल तर वाढवायचं, मशीन अर्धंच भरलं असेल तर घटवायचं. आणि खातरजमा करायची असेल तर धुतलेले टॉवेल डिटर्जंट न घालता नुसत्या पाण्यावर लावून काचेतून बघायचं. त्यात फेस दिसला, तर तो मागच्या धुण्यांचा साठलेला माल आहे.

हा शेवटचा भाग मावशींना लगेच पटला. फेस अजूनही खूण आहेच, फक्त तिचा अर्थ उलटा झालाय. वडीच्या काळात तो दिसला नाही तर साबण कमी पडलेला असायचा; मशीनच्या काचेमागे तो भरभरून दिसला तर डिटर्जंट जास्त झालेलं असतं. तेव्हापासून त्या पावडर टाकून झाली की मशीनसमोर मिनिटभर थांबतात, आणि फेस काचेच्या अर्ध्यावर गेला तर पुढच्या खेपेला चमचा कमी करतात. कोष्टक त्यांनी अजून वाचलेलं नाही. आमच्या पाण्याला, आमच्या कपड्यांना किती लागतं, हे मात्र आता घरात सर्वांत अचूक त्यांनाच ठाऊक आहे.